सायकलभ्रमंती, नदीखोऱ्यातील
मोटारवाहतुकीपासून अलग ठेवलेल्या, नदीकाठच्या मंद उताराच्या वाटेने केलेला सायकलप्रवास. आल्प्समधील आदिजे नदीकाठची रेशेन खिंड ते व्हेरोना ही वाट त्याचा उत्तम नमुना असून, तेथील मेरानो–माल्स रेल्वे २००५ मध्ये पुन्हा सुरू झाल्यापासून चढाचा बराच भाग गाडीने पार करता येतो. कोकणात राजापूर (जि. रत्नागिरी) येथे मात्र अर्जुना नदीच्या खोऱ्यात अशी स्वतंत्र वाट नाही; सह्याद्रीतून निघालेली ही नदी थोडक्याच अंतरात जैतापूरच्या खाडीतून समुद्रास मिळते, रस्ते सडे (जांभ्याची उघडी पठारे) चढत-उतरत जातात आणि पावसाळ्यात पुराचे पाणी बाजारपेठेत शिरते. म्हणून मुंबई–गोवा महामार्ग टाळून धोपेश्वर, उन्हाळे गावचे गरम झरे व नाटे गावचा यशवंतगड यांकडे जाणारे गावरस्ते हिवाळ्यात निवडणेच सायकलस्वारास श्रेयस्कर होय.