आवाज फाटतो तेव्हा

मांडवातल्या स्पीकरचा आवाज वाढवत नेला की एका क्षणी कुणीतरी ओरडतंच, "अरे कमी कर, फाटतोय!" आवाज 'फाटणं' हा आपला शब्दप्रयोग तांत्रिकदृष्ट्या फार अचूक आहे. ॲम्प्लिफायरला जेवढं व्होल्टेज मिळतं, त्याहून उंच लाट त्याच्याकडे मागितली की लाटेचा माथा कापला जातो. गोल टेकडीचं पठार होतं. त्या पठाराच्या कडा कानाला बोचतात.

गिटारच्या दुनियेत हेच काम मुद्दाम करणारा एक डबा असतो, डिस्टॉर्शन पेडल. गेल्या महिन्यात मी किट आणून एक जोडलं. ७४१ नावाची आठ पायांची आयसी, मूठभर रेझिस्टर आणि कपॅसिटर, दोन पॉट, दोन जर्मेनियम डायोड, पायाने दाबायचा स्विच आणि ९ व्होल्टची बॅटरी. सर्किट १९७० च्या दशकातल्या एमएक्सआर 'डिस्टॉर्शन प्लस'वर बेतलेलं. सोल्डरिंगला एक रविवार पुरला. पण दिवसभर बग काढण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला एक प्रश्न छळतोच: बिघाड तयार करणारं यंत्र कुणाला का बनवावंसं वाटलं असेल?

कारण इंजिनिअरांनी आधी उलट दिशेने पुष्कळ घाम गाळला होता. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर एकामागोमाग एक ॲम्प्लिफायर लावावे लागत आणि प्रत्येक जण आवाज थोडा थोडा बिघडवत असे. १९२७ साली बेल लॅब्जमधल्या हॅरल्ड ब्लॅकला कामावर जाताना, हडसन नदीवरच्या फेरीबोटीत, उपाय सुचला. आउटपुटचा काही भाग उलटा करून इनपुटला परत द्यायचा, म्हणजे चूक स्वतःलाच खोडत राहते. हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्याने हे टिपून ठेवलं. हा निगेटिव्ह फीडबॅक आम्हालाही कॉलेजात शिकवला गेला. तिथे डिस्टॉर्शन हा शत्रू आहे, हे कुणी सांगावंही लागत नव्हतं.

वादकांना मात्र शत्रू आवडू लागला होता. १९५१ साली मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्सकडे 'रॉकेट ८८' रेकॉर्ड झालं, तेव्हा बँडचा गिटार ॲम्प्लिफायर प्रवासात दुखावलेला होता. नेमका कसा, याच्या कथा वेगवेगळ्या आहेत. पण तो भरड आवाज रेकॉर्डवर तसाच राहिला. १९५८ च्या 'रंबल'साठी लिंक रेने स्पीकरच्या कागदी कोनला भोकं पाडली. १९६४ मध्ये लंडनच्या 'द किंक्स'मधल्या डेव्ह डेव्हिसने ब्लेडने कोन चिरला. आपल्या भाषेत, आवाज फाटावा म्हणून त्यांनी स्पीकरच फाडला.

पण पेडलचा जन्म नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत झाला. मार्टी रॉबिन्स या कंट्री गायकाच्या 'डोन्ट वरी'चं रेकॉर्डिंग चालू होतं. ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होता आणि त्याच्या चॅनेलचा ट्रान्सफॉर्मर मिक्सिंग कन्सोलमध्ये निकामी होत होता. बाकी गाणं मखमली, आणि मधेच बेसचा तुकडा भुंग्यासारखा गुरगुरतो. सवयीनुसार टेक रद्द करून दुरुस्ती व्हायला हवी होती. तो तुकडा ठेवायचं ठरलं. १९६१ साली गाणं आलं आणि कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

मग खरी अडचण आली. लोक तो आवाज मागू लागले आणि बिघडलेला चॅनेल तर पुरताच मेला. म्हणजे बिघाडच बिघडला! स्टुडिओतला इंजिनिअर ग्लेन स्नॉडी याने रेव्हिस हॉब्ज या सहकाऱ्याबरोबर ट्रान्झिस्टर वापरून तोच आवाज देणारं सर्किट बांधलं. १९६२ मध्ये गिब्सनने ते 'मेस्ट्रो फझ-टोन' नावाने बाजारात आणलं. आत तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते.

हे काय आहे, ते विकणाऱ्यांनाही नीट कळलेलं नव्हतं. जाहिरात अशी की गिटारमधून ट्रम्पेट, ट्यूबा, चेलो ऐकू येतील. विक्री रेंगाळली. १९६५ मध्ये 'रोलिंग स्टोन्स'च्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिसफॅक्शन'ची सुरावट फझ-टोनमधून वाजवली, तीही अशाच समजुतीने. त्याच्या मनात तिथे ब्रास वाद्यं होती. फझ फक्त जागा धरून ठेवायला. गाणं तसंच बाहेर पडलं आणि दुकानांतले फझ-टोन संपले. ऑटिस रेडिंगने त्याच वर्षी ते खऱ्या ब्रासवर गायलं आणि झकास गायलं. तरी सुरावट आठवली की कानात फझच वाजतो. नक्कल म्हणून आलेला आवाज मूळ होऊन बसला.

त्याने संगीताचं व्याकरणही बदललं. लाट वर-खाली सारखीच कापली की मूळ स्वराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे स्वर उगवतात. दोन स्वर एकत्र कापले तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही येतात. ११० हर्ट्झचा षड्ज आणि १६५ चा पंचम घेतला, तर वजाबाकी ५५: बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज, कुणी न वाजवलेला. गिटारवरचा गंधार मात्र नैसर्गिक जागेपासून किंचित सरकलेला असतो, त्यामुळे त्याच्यातून उगवणारे स्वर एकमेकांना खरचटतात. म्हणून रॉकवाल्यांनी गंधार गाळून सा-पचा 'पॉवर कॉर्ड' धरला. हेवी मेटल बऱ्याच अंशी या गणितावर उभं आहे.

आपल्याला यात फार नवल वाटू नये. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीला जवारी काढतात आणि वादक तारेखाली दोरा सरकवतात, तेही तारेने घोडीला अलगद घासून झंकारावं म्हणूनच. तंत्र निराळं, पण निव्वळ स्वच्छ स्वर कानाला थोडा उपाशी ठेवतो, ही जाण तीच.

माझ्या डब्यातल्या ७४१ भोवती ब्लॅकचा निगेटिव्ह फीडबॅकच आहे. तो गिटारचा सिग्नल दोनशेपटीपर्यंत वाढवतो. पुढे उलटसुलट लावलेले दोन डायोड बसलेत, साधारण ०.३ व्होल्टच्या वर लाट गेली की ते तिला जमिनीकडे वळवतात. डिस्टॉर्शन मारण्यासाठी शोधलेली युक्ती आणि डिस्टॉर्शन जन्माला घालणारे डायोड, मध्ये जेमतेम दोन सेंटिमीटर. सिलिकॉनचे डायोड लावून पाहिले: मर्यादा ०.६ च्या आसपास गेली, आवाज मोठा आणि धारदार झाला. मी परत जर्मेनियम लावले.

हेच कापणं कोडमध्ये एका ओळीत होतं. पण तसं सपाट कापलेलं ऐकायला रुक्ष लागतं, म्हणून आज माझ्यासारखेच प्रोग्रामर जुन्या जर्मेनियमचे हळवे, तापमानाबरोबर बदलणारे स्वभाव गणितात बसवायला महिने घालवतात. स्नॉडीपुढेही हेच काम होतं: मेलेल्या चॅनेलचा आवाज जिवंत पार्टांतून परत आणणं. त्यासाठी आधी ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करण्याची घाई न करता कुणीतरी तो टेक पुन्हा ऐकावा लागला. आमच्या बगच्या यादीत 'दुरुस्त' आणि 'नाकारलं' असे रकाने असतात. 'आधी ऐका' असा रकाना अजून तरी नाही.