दारावरचा संत

स्पेनमधील सेगोव्हिया नगरीत १५३२ च्या सुमारास एका लोकरीच्या व्यापाऱ्याच्या घरी आल्फोन्सस रॉड्रिग्ज जन्मले. वडिलांच्या निधनामुळे शिक्षण सुटले. अंगावर पडलेला व्यापार खालावत गेला. विवाहानंतर काही वर्षांतच पत्नी गेली, मुलेही गेली. आणि चाळिशीच्या आत हा गृहस्थ एकटा उरला. येशूसंघात जाऊन धर्मगुरू व्हावे, एवढीच आस शिल्लक होती. परंतु प्रकृती खंगलेली, वय उलटलेले, विद्या अपुरी. संघाने नकार दिला. मग हा प्रौढ मनुष्य शाळकरी मुलांच्या पंक्तीला बसून लॅटिन घोकू लागला. तेही साधले नाही. अखेर १५७१ मध्ये साधे धर्मबंधू म्हणून त्यांना प्रवेश मिळाला आणि मायोर्का बेटावरील पाल्मा येथील मोन्ते सियोन विद्यालयात त्यांची रवानगी झाली. तेथे वाट्यास आले ते दरवानाचे काम.

घंटा वाजली की उठायचे, दार उघडायचे, निरोप पोहोचवायचा, भिकाऱ्याची विचारपूस करायची. या कामात कसली आली थोरवी? परंतु दारावर प्रत्यक्ष प्रभूच उभा आहे, अशा भावनेने ते प्रत्येक घंटेला ओ देत, असे त्यांच्याविषयी सांगतात. ही वृत्ती सहज लाभलेली नव्हती. मनाची शुष्कता व नाना प्रलोभने यांनी त्यांना वर्षानुवर्षे छळले. तरीही मन तयार होण्याची वाट न पाहता पाय दाराकडे वळत राहिले. १६१७ मध्ये मृत्यू येईपर्यंत सुमारे ४६ वर्षे ते त्याच घरात राहिले.

१६०५ मध्ये त्या दारातून पीटर क्लेव्हर नावाचा तरुण येशूसंघीय विद्यार्थी आत आला. वृद्ध दरवानाशी त्याचा स्नेह जुळला. अमेरिकेत जाऊन सेवा करण्याची प्रेरणा त्याला याच सहवासात मिळाली. १६१० मध्ये तो कार्टाहेना बंदरात पोहोचला आणि आफ्रिकेतून जहाजांत कोंडून आणलेल्या गुलामांच्या शुश्रूषेत त्याने उर्वरित आयुष्य वेचले. १५ जानेवारी १८८८ रोजी पोप तेरावे लिओ यांनी गुरू-शिष्य दोघांनाही एकाच दिवशी संतपद बहाल केले.

आल्फोन्सस धर्मगुरू झाले नाहीत, हे मात्र विसरता कामा नये. हवे ते पद मिळाले नाही. हवा तो माणूस मात्र रोजच्या त्या चार पावलांतून घडत गेला.

आणि आम्ही? आम्हांला पद मिळाले. परंतु भर दुपारी, जेवणाच्या ताटावर असताना धर्मगुरुनिवासाची घंटा वाजली, की आमच्या मनात प्रथम येते ते, 'आता कोण तडमडले?' मग खिडकीच्या गजांतूनच चौकशी होते. मुक्तिपुरातील संतांवर प्रवचन देणे आम्हांला सोपे जाते. ताटावरून उठणे जड जाते. वाचकहो, फार मोठे संकल्प आम्ही यापूर्वी पुष्कळ केले आणि मोडले. उद्याच्या पहिल्या घंटेला खिडकीतून न विचारता दारापर्यंत चालत जावे, एवढेच तूर्त ठरविले आहे.