जहाल की मवाळ? ध्रुवीकरणाच्या काळात निवडणूक कोण जिंकतं?

नोव्हेंबर २०२२. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात एकाच दिवशी दोन मोठ्या लढती झाल्या. गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षाचे ख्रिस सुनुनू सुमारे १५ टक्क्यांनी जिंकले. सिनेटसाठी त्याच पक्षाचे डॉन बोल्डक सुमारे ९ टक्क्यांनी हरले. मतदार तेच, पक्षही तोच. सुनुनू आधीपासून गव्हर्नर होते हे खरं, पण त्यांची ओळख मवाळ नेत्याची होती. बोल्डक मात्र २०२० ची निवडणूक ट्रम्प यांच्याकडून चोरली गेली, असं सांगत फिरले होते. उमेदवारी मिळताच दोन दिवसांत त्यांनी घूमजाव केलं. उपयोग झाला नाही.

मग पक्ष असे उमेदवार देतात कशाला? कारण तिथे तिकीट हायकमांड वाटत नाही. 'प्रायमरी' नावाच्या प्राथमिक फेरीत मतदारच उमेदवार निवडतात, आणि या फेरीला येणारे मतदार थोडे, त्यातही कट्टर जास्त.

राज्यशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉल यांनी २०१५ च्या अभ्यासात अशा चुरशीच्या प्रायमरी तपासल्या. जहाल उमेदवार निसटता जिंकला, तर मुख्य निवडणुकीत पक्षाची मतं सरासरी ९ ते १३ टक्क्यांनी घटत होती. 'जहाल बोललं की आपला मतदार पेटून उठतो' हा कार्यकर्त्यांचा आवडता युक्तिवाद. हॉल आणि डॅनियल थॉम्पसन यांना २०१८ मध्ये उलटं चित्र दिसलं: पेटून उठतो तो समोरच्या पक्षाचा मतदार.

पण ट्रम्प जिंकले, त्याचं काय? इथे भाषा आणि भूमिका वेगळ्या काढून पाहाव्या लागतात. स्थलांतरितांबद्दल ते आक्रमकच होते. पण २०१६ मध्ये त्यांनी वृद्धांचं पेन्शन आणि सरकारी आरोग्यविमा यांना हात लावणार नाही असं सांगितलं, जे त्यांच्या पक्षातल्या अनेकांना रुचणारं नव्हतं. २०२४ मध्ये गर्भपाताचा निर्णय राज्यांवर सोडला. आवाज चढा, पण अडचणीच्या मुद्द्यांवर माघार.

जहालपणाची किंमत आता पूर्वीइतकी मोठीही राहिलेली नाही. १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांच्याविरुद्ध लिंडन जॉन्सन यांना ६१ टक्के मतं पडली होती. २००० पासून राष्ट्राध्यक्षपदाच्या कुठल्याही विजेत्याला ५३ टक्क्यांपुढे जाता आलेलं नाही, कारण बहुतेक मतदार उमेदवार न पाहता पक्षालाच मत देतात. मात्र लढत इतकी अटीतटीची असेल, तर छोटा फटकाही पुरतो. २०२२ मध्ये ॲरिझोनात, निवडणूक चोरीचाच मुद्दा लावून धरणाऱ्या कॅरी लेक यांचं गव्हर्नरपद हुकलं ते सुमारे २५ लाख मतांपैकी जेमतेम १७ हजारांनी.