निमो फिशटँकमध्ये जन्मतो, मग डोरी का नाही? सगळा खेळ आहे पहिल्या घासाचा!

२००३ साली 'फाइंडिंग निमो' आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा क्लाउनफिश जगभरातल्या पोरासोरांच्या ओळखीचा झाला. २०१६ च्या जूनमध्ये 'फाइंडिंग डोरी' आला आणि त्या निळ्या, विसरभोळ्या माशाचीही चर्चा सुरू झाली.

आता गंमत बघा. हे दोन्ही मासे दुकानाच्या काचेआड शेजारीशेजारी दिसायचे. पण निमो हॅचरीत जन्मलेला असू शकत होता. डोरी मात्र जवळपास नक्कीच समुद्रातून पकडून आणलेली असायची.

असं का? डोरी अंडी देत नाही म्हणून? नाही. अंडी मिळत होती, त्यातून पिल्लंही बाहेर येत होती. पण काही दिवसांतच सगळी मरून जायची. कारण त्यांच्या तोंडात मावेल असा पहिला घास माणसाकडे नव्हता.

हे नेमकं काय प्रकरण आहे, ते नीट समजून घेऊ.

गप्पीला जमतं, मग यांना का नाही?

डासांच्या अळ्या खायला हौदात सोडलेले गप्पी मासे आपण सगळ्यांनी पाहिलेत. गप्पीची मादी थेट पिल्लं देते. ती पिल्लं पहिल्याच दिवशी पोहतात आणि बोटांनी चुरलेलं कोरडं खाद्यही खातात. महिन्याभरात हौद भरतो.

समुद्री माशांचं गणित वेगळं आहे. बहुतेक प्रवाळ माशांची पिल्लं सुरुवातीचे दिवस किंवा आठवडे उघड्या समुद्रात तरंगत काढतात. या काळात ती आईबापासारखी दिसतच नाहीत. पारदर्शक शरीर, मोठे डोळे आणि काही मिलिमीटर लांबी, बस. आपल्याकडे गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीत अशा नवजात पिल्लांना 'मत्स्यजिरे' म्हणतात. नाव अगदी चपखल आहे, पण समुद्री पिल्लं जिऱ्याहूनही बारीक असतात.

पाण्यातले सूक्ष्म जीव डोळ्यांनी हेरायचे आणि झडप घालून खायचे, हा त्यांचा जगण्याचा मार्ग. खाद्य हललं नाही तर बहुतेकांना ते खाद्य आहे हेच कळत नाही. त्यामुळे बाजारातली भुकटी कितीही महाग असली तरी ती तशीच तळाला जाते, सडते आणि पाणी बिघडवते.

निमोच्या घरी पाळणा हलतो तेव्हा

त्यातल्या त्यात क्लाउनफिश सोपा. जोडी जमली की ती दगडावर किंवा फरशीच्या तुकड्यावर अंडी चिकटवते. एका वेळी काहीशे अंडी सहज असतात. राखण करायचं काम प्रामुख्याने बापाचं. तो परांनी अंड्यांना वारा घालतो, म्हणजे ताजं पाणी खेळवतो, आणि खराब झालेली अंडी खाऊन टाकतो.

जाता जाता एक गोष्ट. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात. गटातला सर्वांत मोठा मासा मादी होतो. ती मेली तर तिच्या जोडीदाराचीच मादी होते. म्हणजे सिनेमात निमोची आई गेल्यावर त्याच्या बापाचं खरं तर काय व्हायला हवं होतं, हे तुम्हीच ठरवा!

तर, अंडी आधी नारिंगी दिसतात. पाण्याचं तापमान २७ ते २८ अंश असेल तर आठवडाभरात त्यांत चंदेरी डोळे चमकायला लागतात. मग एका रात्री, दिवे मालवल्यावर तासा-दोन तासांत, पिल्लं बाहेर पडतात. अंधारातच का? कारण समुद्रात त्या वेळी त्यांना खाणाऱ्या बऱ्याच माशांना ती दिसत नाहीत.

फिशटँकमध्ये मात्र त्यांना तिथेच ठेवलं तर सकाळपर्यंत ती फिल्टरमध्ये ओढली जातात किंवा इतर माशांच्या पोटात जातात. म्हणून दोन मार्ग वापरतात. एक तर अंडी असलेली फरशी त्याच संध्याकाळी वेगळ्या टाकीत हलवायची आणि बापाच्या जागी हवेचे बुडबुडे अंड्यांवरून खेळवायचे. किंवा पिल्लं बाहेर आल्यावर टॉर्चच्या उजेडाकडे ती गोळा होतात, तेव्हा त्यांना वाटीने पाण्यासकट उचलायचं. जाळी वापरायची नाही. इतक्या नाजूक जिवाला जाळीचा स्पर्शही मारक ठरतो.

पहिला घास: रोटिफर

क्लाउनफिशचं पिल्लू जन्मतः साधारण ३ ते ४ मिलिमीटर असतं. तोंड उघडं असतं, डोळे काम करत असतात आणि पोटाशी अंड्यातल्या बलकाची जेमतेम शिदोरी असते. ही शिदोरी एखाद-दोन दिवसांत संपते. तेवढ्या वेळात खाद्य मिळालं नाही तर पिल्लू इतकं अशक्त होतं, की नंतर समोर खाद्य आलं तरी ते पकडू शकत नाही.

इथे कामी येतो रोटिफर. हा पाण्यातला सूक्ष्म प्राणी आहे. हॅचरीतल्या नेहमीच्या जातीचा आकार साधारण १५० ते ३०० मायक्रॉन असतो. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. रोटिफर हळू पोहतो, म्हणून नवशिक्या शिकाऱ्याला सापडतो.

पण तो लागतो किती? पिल्लांच्या टाकीत एका मिलिलिटरमागे ५ ते १० रोटिफर ठेवायचा प्रयत्न असतो. समजा टाकीत ५० लिटर पाणी आहे. म्हणजे ५० हजार मिलिलिटर. मिलिलिटरमागे १० धरले तर झाले ५ लाख रोटिफर! आणि हे एकदा टाकून भागत नाही. पिल्लं खात राहतात, आपण भर घालत राहायचं.

आता या लाखो रोटिफरना काय खायला द्यायचं? नॅनोक्लोरॉप्सिससारखं सूक्ष्म हिरवं शेवाळ. म्हणजे मासा वाढवायचा तर आधी रोटिफर वाढवायचा आणि रोटिफर वाढवायचा तर आधी शेवाळ. म्हणूनच जाणकार सांगतात, अंडी दिसल्यावर धावपळ करू नका. रोटिफरची बादली त्याआधीच सुरू करा, आणि एक नाही, दोन ठेवा. एक बादली कधी नासेल याचा नेम नसतो.

हेच शेवाळ थोडं पिल्लांच्या टाकीतही घालतात, पाण्याला हलकी हिरवी झाक येईल इतपत. याचे दोन फायदे. टाकीतले रोटिफर उपाशी राहत नाहीत, आणि उजेड मऊ होऊन पिल्लांना भक्ष्य नीट दिसतं. टाकीच्या बाजू काळ्या करण्यामागेही कारण आहे. काचेवर उजेड चमकला की पिल्लं तिकडे धावतात आणि काचेला धडकत बसतात.

पुढचे पंधरा दिवस कसे असतात?

- पहिला ते चौथा दिवस: फक्त रोटिफर. हवेचे बुडबुडे अगदी मंद. जोराचा प्रवाह नको.
- पाचव्या ते सातव्या दिवसापासून: रोटिफरसोबत नुकतेच जन्मलेले आर्टेमिया. हे खारट सरोवरांत वाढणारे कोळंबीसारखे चिमुकले जीव. त्यांची सुकी अंडी डब्यात मिळतात. अमेरिकेतल्या युटा राज्यातलं ग्रेट सॉल्ट लेक हा त्यांचा मोठा स्रोत. खाऱ्या पाण्यात, उजेडात आणि बुडबुड्यांत ठेवली की साधारण २४ तासांत पिल्लं बाहेर येतात. टरफलं मात्र वेगळी काढायची, ती माशाच्या पोटात अडकू शकतात.
- आठव्या ते बाराव्या दिवसाच्या आसपास: कायापालट. पारदर्शक पिल्लावर नारिंगी रंग चढतो, डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो आणि तरंगणं सोडून ते तळाकडे वळतं.
- त्यानंतर: आर्टेमियासोबत हळूहळू बारीक कोरडं खाद्य. ते खायला लागलं की निम्मी लढाई जिंकली.

या सगळ्यात रोज तळ साफ करावा लागतो. मेलेले रोटिफर आणि विष्ठा यांतून अमोनिया तयार होतो. हवेच्या बारीक नळीने घाण ओढायची आणि तितकंच नवं पाणी थेंब थेंब सोडायचं. खारटपणा आणि तापमान दोन्ही जुळलेलं हवं. बादलीभर पाणी एकदम ओतलं तर आठवड्याची मेहनत मिनिटात जाते.

पोट भरलेलं, तरी कुपोषण

हा भाग बऱ्याच नवशिक्यांना चकवतो. पिल्लांची पोटं भरलेली दिसतात, आर्टेमियामुळे नारिंगीही होतात. आणि ऐन कायापालटाच्या वेळी ती पटापट मरतात. कोणी टाकीला धक्का दिला किंवा अचानक दिवा लावला, तरी पिल्लं गरगरतात आणि आडवी होतात.

यामागचं मोठं कारण म्हणजे डीएचए आणि ईपीए या ओमेगा-३ स्निग्धाम्लांची कमतरता. मेंदू, डोळे आणि पेशी घडायला ती लागतात आणि समुद्री माशांना ती पुरेशी स्वतः बनवता येत नाहीत. आर्टेमियात डीएचए जवळजवळ नसतंच. शिवाय जन्मल्यावर काही तासांतच तो अंगातली साठवण खर्च करायला लागतो.

उपाय असा, की रोटिफर आणि आर्टेमिया यांनाच आधी पौष्टिक खायला घालायचं आणि मग ते पिल्लांना द्यायचे. आपण डब्यात चपातीला तूप लावून देतो ना, तसंच हे.

मग डोरीचं कोडं कसं सुटलं?

क्लाउनफिशची अंडी बाप आठवडाभर सांभाळतो, म्हणून पिल्लू तयारीनिशी बाहेर येतं. डोरी, म्हणजे ब्लू टँग, अंडी उघड्या पाण्यात सोडून मोकळी होते. अंडं जेमतेम मिलिमीटरभर. साधारण दिवसभरात पिल्लू बाहेर पडतं, तेव्हा त्याला धड डोळे नसतात आणि तोंडही उघडलेलं नसतं. तोंड उघडतं ते तिसऱ्या दिवसाच्या सुमारास, आणि ते इतकं छोटं असतं की नेहमीचा रोटिफर त्यात जात नाही.

उत्तर समुद्रातच होतं. निसर्गात ही पिल्लं मुख्यतः कोपेपॉड नावाच्या सूक्ष्म जिवांची पिल्लं खातात. पार्व्होकॅलॅनस या कोपेपॉडचं नवजात पिल्लू ४० ते ६० मायक्रॉनच्या घरात, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीएवढं. त्यात डीएचए भरपूर, आणि त्याची झटक्याने हलण्याची लकबही माशाच्या पिल्लाला भुरळ घालते. अडचण एकच. हे कोपेपॉड रोटिफरसारखे दाटीवाटीने वाढत नाहीत आणि त्यांना जिवंत शेवाळच लागतं. त्यांची शेती जमायलाच कित्येक वर्षं गेली.

२०१५ मध्ये हवाईच्या ओशॅनिक इन्स्टिट्यूटने याच वाटेने यलो टँग वाढवून दाखवला. २०१६ च्या जुलैमध्ये, 'फाइंडिंग डोरी' येऊन महिना होतो न होतो तोच, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने 'रायझिंग टाइड' या संवर्धन उपक्रमाच्या साथीने ब्लू टँग वाढवल्याचं जाहीर केलं. क्लाउनफिशची व्यावसायिक पैदास तर १९७० च्या दशकातच सुरू झाली होती. मधली चाळीसेक वर्षं मुख्यतः त्या पहिल्या घासाच्या शोधात गेली.

याने फरक काय पडतो?

बराच. बाजारातल्या समुद्री शोभिवंत माशांच्या बहुतांश जाती आजही थेट प्रवाळांतून पकडल्या जातात. आग्नेय आशियात काही ठिकाणी मासे गुंगवायला सायनाइड फवारल्याचे प्रकार उघड झालेत. त्यात मासा तर अर्धमेला होतोच, प्रवाळही मरतं. इंडोनेशियातला बांगाई कार्डिनल बघा. या माशाचा नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो. ती मोठी होऊनच बाहेर पडतात आणि पहिल्या दिवसापासून आर्टेमिया खातात. पाळायला इतकी सोपी जात, तरी बेसुमार पकडल्यामुळे ती धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेली.

आपल्याकडेही काम झालंय. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूतल्या मंडपम आणि केरळातल्या विझिंजम इथे क्लाउनफिश आणि डॅमसेल माशांच्या पैदाशीचं तंत्र बसवलं. नवी मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो यांनी मिळून समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी उभारली. यामागचा विचार साधा आहे. सुरुवातीचे अवघड आठवडे हॅचरीने सांभाळायचे आणि तगलेली पिल्लं किनाऱ्यावरच्या लोकांनी वाढवून विकायची. लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर शोभिवंत कोळंबीच्या बाबतीत महिलांनी अशाच पद्धतीने काम केलंय.

तुम्हाला हे घरी करायचंय?

करता येतं, पण क्लाउनफिशपासूनच सुरुवात करा. मीठ स्वयंपाकघरातलं नाही, मत्स्यालयासाठीचं खास समुद्री मीठ वापरा, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. थेट चौपाटीवरून पाणी भरून आणू नका, त्यात सांडपाण्यापासून तेलापर्यंत काहीही असू शकतं. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर जायला लागलं की सावध व्हा. आणि लाइट जाणाऱ्या गावात राहत असाल तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधी घ्या, मासे नंतर.

पहिल्या खेपेला शेकड्यांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पिल्लं जगली तरी निराश होऊ नका. सुरुवात अशीच होते.

आणि पाळायचे नसतील, नुसते विकत घ्यायचे असतील, तरी क्रॉफर्ड मार्केटपासून गावातल्या दुकानापर्यंत कुठेही एक प्रश्न जरूर विचारा: "हा मासा हॅचरीतला आहे की समुद्रातून पकडलेला?" दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल तर घाई करू नका. हा प्रश्न रोज दहा जणांनी विचारला, तर अकराव्यासाठी तो उत्तर शोधून ठेवेल.