कारकुनाची लेखणी आणि रयतेचा कागद

गुहागरहून निघालेला सरकारी कागद हेदवीच्या शेतकऱ्याच्या हाती पडतो, तेव्हा तो कोणासाठी लिहिलेला असतो? लिहिणारासाठी, की वाचणारासाठी? हा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही.

देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावर ‘मेस्तक’ हे लेखनशास्त्र चालत आले आहे. वडिलांस कोणता मायना घालावा, बरोबरीच्यास कोणता, हाताखालच्यास कोणता, हे त्यात सांगितलेले असे. म्हणजे कारकुनाच्या शिक्षणाचा आरंभ वाचणारापासून होई. परंतु त्यात पाहिला जाई तो त्याचा दर्जा, त्याची समजूत नव्हे.

पुढे शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनी ‘राजव्यवहारकोश’ रचिला व सुमारे १,४०० शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. स्वराज्याची भाषा स्वतःची असावी, ही दृष्टी थोर खरीच. तरीही पेशवाईच्या दप्तरांत फारसी शब्द नांदतच राहिले. अर्ज, हुकूम, वसूल तर आजही आपल्या जिभेवर आहेत. रुळलेला शब्द आज्ञेने हलत नाही.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर तोच उद्योग पुन्हा आरंभिला गेला. १९६२ साली ‘पदनाम कोश’ निघाला; मग १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. कारभार मराठीत आला, ही मोठी मिळकत होय.

पण कोश शब्द देतो, वाक्य देत नाही. ते शिकवावेच लागते. आम्हांस वाटते, कागद लिहून झाला की तो एखाद्या शेतकऱ्यास वाचून दाखवावा आणि आपण काय करावयाचे ते त्यास उमगले का, हे विचारावे. नाही उमगले, तर दोष शेतकऱ्याचा नव्हे.