नळ, टी आणि पेपर

परवा भाच्याने विचारलं, "मामा, तू ऑफिसात नेमकं करतोस काय?" म्हटलं, "प्लंबिंग!" तो हसला, पण मी खरंच सांगत होतो.

१९६४ साली बेल लॅब्जमध्ये डग मॅक्इलरॉय यांनी एक टिपण लिहिलं: बागेतले पाइप जोडतो तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यायला हवेत. १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये ते करून दाखवलं. एका प्रोग्रॅममधून निघालेली माहिती थेट दुसऱ्यात. पण नळाच्या पाण्यासारखंच, एकाने भरून घेतलं की दुसऱ्याला नाही. मग 'टी' नावाची आज्ञा आली, प्लंबरकडच्या टी-जोडावरूनच हे नाव! तरी एक फाटा तुंबला की सगळंच अडतं, आणि उशिरा येणाऱ्याला आधी वाहून गेलेलं मिळत नाही.

हे सगळं वाचलेलं होतं, पण कळलं ते तोंड पोळल्यावर. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक प्रोग्रॅम रांगेतून नोंदी उचलून ग्राहकांना पैसे जमा झाल्याचे एसएमएस पाठवायचा. हिशेबासाठी मी दुसरा प्रोग्रॅम त्याच रांगेवर बसवला. वाटलं, दोघांना सगळं मिळेल. दोघांनी निम्मं निम्मं वाटून घेतलं! निम्म्या ग्राहकांना एसएमएस नाही, हिशेबही अर्धवट. दोन रात्री मी नव्या मुलीच्या कोडमध्ये चूक शोधत होतो. तिला बोललोही. चूक माझी निघाली.

उत्तर तोवर तयार होतं. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, पुण्यात शिकलेल्या नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी 'काफ्का' बनवलं. २०११ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. त्यात वाचलं म्हणून काही पुसलं जात नाही. नवी नोंद वहीच्या शेवटी, आणि कोण कुठवर वाचून आलाय त्याचा आकडा प्रत्येकाचा वेगळा. हळू वाचणारा कुणाला अडवत नाही. जुनं मुदतीनंतर जातं. काही सांगितलं नाही तर सात दिवसांनी.

म्हणजे नळ नव्हे, घरातला पेपर! आजोबा अग्रलेखावर, आई शब्दकोड्यावर, मी खेळाच्या पानावर. रद्दीवाला येईपर्यंत तो सगळ्यांचाच.

त्या मुलीची मी माफी मागितली. पण बोललो होतो चारचौघांत, आणि माफी मागितली एकटीला गाठून. बाकीच्यांपर्यंत ती पोचलीच नाही...

असो.