आश्रित रूसो

इ. स. १७२८ च्या मार्च महिन्यांतील गोष्ट. ईस्टरच्या आधींच्या रविवारीं सॅव्हॉय प्रांतांतील आनसी या लहानशा गांवीं एक तरुण बाई प्रार्थनेसाठीं देवळाकडे निघाल्या होत्या. घराच्या मागून जाणाऱ्या अरुंद वाटेवर त्यांना कोणी हांक मारली व त्या वळून पाहूं लागल्या. समोर पंधरा वर्षांचा एक पोरगा उभा होता. त्याच्यापाशीं दोन पत्रें होतीं. एक जवळच्या खेड्यांतील पाद्र्याचें शिफारसपत्र आणि दुसरें त्यानें स्वतः पुस्तकी वाक्यें जोडून मोठ्या ऐटीनें लिहिलेलें. बाईंनीं तीं तेथेंच उभ्या उभ्या वाचलीं, घरीं जाऊन न्याहारी मागून घे म्हणून सांगितलें आणि त्या प्रार्थनेला निघून गेल्या.

हा पोरगा म्हणजे जिनीव्हा येथील घड्याळजीचा मुलगा जां-जाक रूसो आणि त्या बाई म्हणजे मादाम द वारां. या दोघांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे व त्यांतील बरेंचसें चवीनें लिहिलेलें आहे. आम्हांस त्या चवीशीं कर्तव्य नाहीं. ज्याला कोणी वाटेवरून उचलून घरांत घेतलें, त्याची कृतज्ञता कोणत्या वाटेनें जातां जातां अखेर उपकार करणाराच्या गळ्यांत पडते, एवढेंच आम्हांस या हकीकतींत पाहावयाचें आहे.

रूसोच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत त्याची आई वारली होती. तो दहा वर्षांचा असतांना बाप एका भांडणापायीं जिनीव्हा सोडून गेला. पुढें मुलाला एका कोरीवकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस ठेवण्यांत आलें. तेथें मार भरपूर आणि माया मुळींच नाहीं. आनसीस पोंचण्यापूर्वीं आठवडाभर, रविवारचा हिंडून परत येतांना त्याला शहराचे दरवाजे बंद झालेले आढळले. यापूर्वीं दोनदां असेंच घडलें होतें व दोन्ही वेळां पाठ सोलून निघाली होती. या खेपेस तो परत फिरलाच नाहीं.

आतां बाईंकडे पाहूं. त्या वेळीं त्यांचें वय अठ्ठावीस होतें. दोन वर्षांपूर्वीं नवऱ्याचें घर सोडून, जिनीव्हाचें सरोवर ओलांडून त्या सॅव्हॉयमध्यें आल्या आणि प्रॉटेस्टंट पंथ टाकून कॅथलिक झाल्या. सार्डिनियाच्या राजानें त्यांना वार्षिक वेतन बांधून दिलें. त्याच्या मोबदल्यांत काम काय, तर पलीकडून पळून येणाऱ्या प्रॉटेस्टंट लोकांना आधार देऊन नव्या पंथाच्या वाटेला लावणें! म्हणजे अनोळखी माणसाला आश्रय देणें हा त्यांच्या स्वभावाचा भाग तर होताच, पण नेमून दिलेला उद्योगहि होता. रूसोच्या आधीं त्यांच्या दाराशीं माणसें आलीं होतीं आणि त्याच्यामागूनहि येणार होतीं. ही साधी गोष्ट त्या मुलाच्या गळीं कधींच उतरली नाहीं.

बाईंनीं त्याला प्रथम तुरीन येथें धर्मांतरासाठीं पाठविलें. तेथें हुजऱ्याची नोकरी, तींत एका फितीची चोरी आणि त्या चोरीचा आळ एका गरीब मोलकरणीवर, असे उद्योग करून स्वारी इ. स. १७२९ मध्यें आनसीस परतली. या वेळीं मात्र बाईंनीं त्याला घरांतच खोली दिली. तो त्यांना ‘आई’ म्हणूं लागला. त्या त्याला ‘बाळ’ म्हणत. येथपर्यंत सर्व ठीक आहे. पण बाई घरांत नसतांना हें बाळ काय करी, तें त्यानें स्वतःच आपल्या ‘कन्फेशन्स’ नामक आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. ज्या बिछान्यावर त्या निजत त्याचे तो मुके घेई; पडद्यांचे, सामानसुमानाचे, त्यांचे पाय लागलेल्या जमिनीचेहि घेई. एकदां जेवतांना बाईंनीं घांस तोंडांत घातला, तोंच हा ओरडला कीं त्यांत केंस आहे. त्यांनीं घांस ताटांत टाकला, आणि यानें तो झडप घालून उचलला व गिळून टाकला! या गोष्टीला भक्ति म्हणणारे टीकाकार आहेत. आम्हांस ती भूक वाटते. कृतज्ञ माणूस उपकार करणाराच्या तोंडाकडे पाहतो. हा मुलगा त्या तोंडांतला घांसच मागत होता.

आपल्याकडे पूर्वीं वार लावून जेवणारे विद्यार्थी असत. सोमवार एका घरीं, मंगळवार दुसऱ्या घरीं, अशीं सात घरें त्यांना पोशीत. या पद्धतींत अपमानाचे घोट कमी नव्हते. पण एक शहाणपण होतें, तें असें कीं उपकार सात ठिकाणीं वांटला जाई व कोणा एका माउलीच्या पदराला सारा भार लागत नसे. रूसोचे सातहि वार एकाच घरीं होते.

बाईंना हें कळत नव्हतें असें नाहीं. त्याला स्वतःच्या पायांवर उभें करण्याची खटपट त्यांनीं पुन्हां पुन्हां केली. पाद्र्यांच्या शाळेंत घातलें. तेथील गुरुजनांनीं खेड्यांतला पाद्री होण्यापुरतीहि बुद्धि नाहीं म्हणून परत पाठविलें. (याच मुलाच्या ग्रंथांनीं पुढें सारें युरोप हालविलें, हें त्या गुरुजनांच्या कानीं गेलें कीं नाहीं कोण जाणे.) मग त्याला देवळांतील संगीताचे उस्ताद ल मेत्र यांच्या हातीं सोंपविलें. इ. स. १७३० मध्यें हे गृहस्थ कांहीं तंट्यावरून गांव सोडून निघाले, तेव्हां सोबतीला म्हणून बाईंनीं रूसोला दिलें. ल मेत्र यांना अपस्माराचा विकार होता. लियों शहराच्या रस्त्यांत ते झटका येऊन पडले, तोंडाला फेंस आला. रूसोनें ओरडून माणसें जमविलीं, खाणावळीचें नांव सांगितलें आणि सर्वांचें लक्ष त्या पडलेल्या माणसाकडे आहे असें पाहून तो कोपऱ्यावरून पसार झाला. कां? तर ‘आई’कडे परत जावयाचें होतें. धांवत आनसीस येऊन पाहतो तों बाई पॅरिसला निघून गेलेल्या!

ही हकीकत त्याच्या कबुल्यांपैकीं अत्यंत लाजिरवाणी म्हणून तो सांगतो, व ती खरी मानावयास हरकत नाहीं. आम्हांस मात्र तीमध्यें त्याच्या त्या प्रेमाची परीक्षा दिसते. ज्याला स्वतःला वाटेवरून उचललें गेलें होतें, त्यानेंच दुसऱ्याला वाटेवर टाकलें. आणि टाकलें तें आपल्या उद्धारकर्त्रीच्या ओढीनें.

इ. स. १७३१ मध्यें शांबेरी येथें पुन्हां गांठ पडली. तेथें बाईंच्या घरचा कारभार क्लोद आने नांवाचा मनुष्य पाही. हाहि बाईंच्या मागोमाग देश सोडून आलेला. अबोल, नेटका, वनस्पतींचा जाणकार. घराचा खर्च तोल सोडूं लागला कीं तोच आवरी. बाईंचें त्याच्याशीं नातें निव्वळ मालकिणीचें नव्हतें, आणि पुढें रूसोशींहि त्यांचें नातें निव्वळ आईचें राहिलें नाहीं. पोरगा वाईट संगतीला लागूं नये म्हणून बाईंनींच विचारपूर्वक हें पाऊल उचललें असें रूसो म्हणतो. त्या प्रसंगीं आपण अगम्यगमनाचें पाप करीत आहोंत असें वाटून आपण रडलों, असेंहि म्हणतो. बाईंचें म्हणणें काय होतें, हें विचारावयास त्या उरल्या नाहींत. आत्मचरित्राचा हा भाग इ. स. १७८२ मध्यें छापून निघाला, तेव्हां त्यांना जाऊन वीस वर्षें झालीं होतीं.

आने इ. स. १७३४ मध्यें वारला. दुसऱ्या दिवशीं बाई शोक करीत बसल्या असतां, आणि स्वतःहि खरोखरच दुःखी असतां, रूसोच्या मनांत आलें कीं त्याचा तो छानदार काळा कोट आतां आपल्याला मिळेल. मनांत आलें तें तो बोलूनहि गेला. बाईंनीं उत्तर दिलें नाहीं. तोंड फिरवून त्या रडूं लागल्या. कोटाची अभिलाषा आम्ही एक वेळ क्षमा करूं. परंतु मेलेल्याची जागा आपली, त्याचें वस्त्र आपलें, त्याच्या वांट्याची मायाहि आपली, हा हिशेब त्या एका वाक्यांत उघडा पडला आहे. घर संभाळण्याचें जें काम तो मनुष्य करी, तें मात्र रूसोला कधींच साधलें नाहीं.

शांबेरीजवळील ले शार्मेत हें घर रूसोच्या वर्णनामुळें अजरामर झालें आहे. आजहि प्रवासी तें पाहावयास जातात. तेथें आपण आईच्या सहवासांत आयुष्यांतील एकमेव पूर्ण सुखाचे दिवस घालविले, असें तो लिहितो, व हे दिवस तो इ. स. १७३६ च्या सुमारास घालतो. पुढें संशोधकांच्या हातीं त्या घराचा भाडेपट्टा लागला. तो निघाला इ. स. १७३८ च्या जुलै महिन्यांतील. त्याआधीं शेजारचें दुसरें घर घेतलें असावें असें म्हणून कांहींनीं रूसोची बाजू सांवरली आहे, आणि हा वाद पुष्कळ माजला. वादाचें महत्त्व तारखेसाठीं नाहीं. इ. स. १७३७ मध्यें रूसो आपल्या कल्पित हृद्रोगावर इलाज करण्यासाठीं माँपेलिए येथें गेला होता. परत आला तों घरांत व्हिंत्सेनरीद नांवाचा दुसरा तरुण होता. तेव्हां भाडेपट्ट्याची तारीख प्रमाण धरली, तर त्या सुखाच्या घरांत तिसरें माणूस पहिल्यापासूनच वावरत होतें, आणि रूसोच्या स्मरणानें त्याला घराबाहेर काढून मगच तें चित्र रंगविलें.

व्हिंत्सेनरीदचें चित्र त्यानें काढलें आहे तें मोठें मासलेवाईक आहे. केशभूषेचा धंदा केलेला, बडबड्या, कुऱ्हाड नाहीं तर कुदळ घेऊन सदा धडाका लावणारा. पण नीट पाहिलें तर हाहि स्वित्झर्लंडकडून भटकत आलेला, बाईंनीं घरांत घेतलेला, कामाला लावलेला एक निराश्रित तरुणच. रूसोचीच दुसरी आवृत्ति! बाईंनीं रूसोला स्पष्ट सांगितलें कीं तुझें कांहींएक कमी होणार नाहीं. त्यांच्या दृष्टीनें तें खरें होतें. परंतु ज्याला सर्व हवें होतें त्याला अर्धें म्हणजे कांहींच नव्हे. तो रुसला, पुस्तकांत तोंड घालून बसला, आणि इ. स. १७४० मध्यें शिक्षकाची नोकरी धरून लियोंस गेला.

पुढें त्यानें जन्मभर आश्रयदाते धरले आणि सोडले. त्यांतील डेव्हिड ह्यूमचें प्रकरण सर्वश्रुत आहे. इ. स. १७६६ मध्यें ह्यूमनें त्याला इंग्लंडांत आसरा दिला. एका संध्याकाळीं रूसोनें रडत त्याच्या मांडीवर पडून मिठी मारली आणि थोड्याच महिन्यांत तो आपल्या नाशाचा कट करीत असल्याचा आरोप पत्रानें कळविला. ह्यूमला त्या मिठीचा अर्थ लागला नाहीं. शांबेरीची हकीकत त्याला माहीत असती तर कदाचित् लागता.

बाईंचें मात्र दिवसेंदिवस खालावत गेलें. खाणी काढणें व असेच दुसरे उद्योग यांत होतें नव्हतें तें गेलें. इ. स. १७५४ मध्यें प्रसिद्धीस आलेला रूसो आपली सहचरी तेरेज हिला घेऊन जिनीव्हाला जातांना वाटेंत त्यांना भेटला. त्यांची दशा त्याला पाहवेना. आमच्याजवळ राहावयास चला असें तो म्हणाला. बाईंनीं मानलें नाहीं. यानें हातावर थोडे पैसे ठेवले. बाईंच्या बोटांत तेवढी एक अंगठी शिल्लक होती; ती काढून त्यांनीं तेरेजच्या बोटांत घातली. तेरेजनें ती लागलीच त्यांच्या बोटांत परत घातली व त्यांचा हात आसवांनीं भिजविला. ऋण फेडण्याची वेळ ती हीच होती, सर्व सोडून आपण बाईंच्या मागें जावयास पाहिजे होतें, असें रूसोनें पुढें लिहिलें. गेला नाहीं. इ. स. १७६२ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस बाई शांबेरीस दारिद्र्यांत वारल्या. रूसो त्या वेळीं ‘एमिल’ ग्रंथामुळें फ्रान्समधून पळून स्वित्झर्लंडांतील मोत्ये या खेड्यांत नुकताच येऊन राहिला होता.

इ. स. १७७८ च्या एप्रिलमध्यें पुन्हां तोच रविवार आला. पहिल्या भेटीला पन्नास वर्षें झालीं होतीं व रूसोचें आयुष्य तीन महिन्यांहून कमी उरलें होतें. त्यानें त्या भेटीच्या आठवणीचें एक टिपण लिहावयास घेतलें. तें दीड-दोन पृष्ठांचेंच आहे. दारिद्र्याला तोंड द्यावयास अंगीं कांहीं विद्या हवी, आणि जमल्यास तिच्या बळावर त्या परमश्रेष्ठ स्त्रीला तिनें केलेलें साहाय्य एक दिवस परत करावें, असें त्या काळीं मीं ठरविलें होतें, अशा अर्थाचें एक वाक्य त्यांत आहे. त्या वाक्यापाशीं टिपण थांबलें. पुढें त्यानें तें हातीं घेतलें नाहीं.